हब कोरडाच बसवायचा

आमच्या खळ्यात ती गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा आईने पहिला प्रश्न मला विचारला. "गो, ही हय रवतली तर मी सुकट वाळत खंय घालू?"

मी नुकतीच नोकरीच्या गावाहून, ओरोसहून, एसटीने उतरले होते, खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नव्हती. समोर दोन माणसांपुरती, बिनछपराची, हिरवी विलायती गाडी. इतकी बुटकी, की आमची कोंबडी एका उडीत तिच्या सीटवर जाऊन बसली. बाबा पडवीच्या पायरीवर बसून गाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडे बघत होते. वर्षभरात त्यांना कशाकडे इतकं टक लावून बघताना मी पाहिलं नव्हतं.

गाडीचे मालक म्हणजे वरच्या वाडीतले काका. जन्मभर मुंबईत नोकरी करून आता बाग सांभाळायला गावी आलेले. गाडी मूळची त्यांच्या थोरल्या भावाची, भाऊ गेले तशी ह्यांच्याकडे आली. चालताना तिचं मागचं चाक घरघरायचं. बेरिंग गेलंय हे कुणीही सांगितलं असतं, पण बेरिंगपर्यंत पोचायचं तर आधी हब काढायला हवा, आणि तोच निघत नव्हता. हब म्हणजे चाक ज्याच्यावर चार बोल्टांनी बसतं तो लोखंडी गाभा. ह्या गाडीत तो शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर दाबून बसवलेला असतो. मध्ये खाचेत एक बारीक पोलादी तुकडा, त्याला चावी म्हणतात, आणि बाहेरून मोठा नट. इतकी वर्षं खाऱ्या हवेत राहून ते सगळं एकजीव झालं होतं. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. ठोकून काढावा तर हब वाकायचा, आणि वाकला तर दुसरा मिळायचा नाही. शेवटी काका देवगड बंदरावर मासळी घ्यायला गेले असताना कुणीतरी म्हणालं, "असलो काम करणारो एकच मेस्त्री आसा, पन तो आता..." आणि पुढे बोललं नाही.

तो मेस्त्री म्हणजे माझे बाबा. बोटींची इंजिनं हे त्यांचं काम. शाळा चौथीपर्यंत. बंदरातल्या निम्म्या बोटींचे पंखे त्यांच्या हातून निघाले आणि चढले आहेत. पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात फिरतो तो. तोही असाच निमुळत्या शाफ्टवर बसतो. तशीच चावी, तसाच नट. गाडी परकी असली तरी गाठ ओळखीची होती.

पण त्याच्या आदल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मागे राहिला. हात हलतो, पण पकड नाही आणि बोटांना कळत नाही. मेस्त्रीच्या हाताला कळेनासं झालं की तो हात फक्त जेवायला उरतो. बोटवाले यायचे, चहा घ्यायचे, "बरे आसास मा?" विचारायचे आणि इंजिन दुसरीकडे न्यायचे. त्यांची चूक नव्हती. त्याहून वाईट गोष्ट घरात घडत होती आणि ती मला दिसत नव्हती. बाबांशी भांडायचं आम्ही सोडून दिलं होतं. आमच्याकडे भांडण म्हणजे बोलण्याचीच एक तऱ्हा. बाबा म्हणाले आमटी खारट झाली, तर पूर्वी आई म्हणायची, "उद्यापासून तुमीच रांधा." आता ती "होय" म्हणून गप्प बसायची. बाबा जे म्हणतील त्याला सगळे होय.

काकांनी विचारलं, "मेस्त्रीनू, जमतला काय?"

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही. चाकाकडेच बघत म्हणाले, "बघूया." मग मला, "तुका शनिवार-रविवार सुट्टी आसता मा?"

एवढंच. पण आम्हा घरच्या तिघांनाही कळलं. हा हब निघाला आणि परत नीट बसला, तर बाबा मेस्त्री आहेत. नाही बसला, तर ते दुखणेकरी आहेत, आणि मग कायमचेच.

काकांनी गाडीबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. पानापानावर कुणाच्या तरी ग्रीसने माखलेल्या अंगठ्यांचे ठसे. ते वाचायचं काम माझं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी., फिजिक्स. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आईने डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकले आणि बाबांनी डिझेलात हात काळे केले, तेव्हा ती पदवी झाली आहे. पण तिचा बाबांना कधी काडीचा उपयोग झाला नव्हता. आता मी गोणपाटावर बसून एकेक वाक्य वाचत होते, ते मालवणीत सांगत होते, आणि बाबा प्रत्येक वाक्याला "ता ठावक आसा" म्हणत होते.

हात माझे, अक्कल त्यांची, अशी वाटणी ठरली. मी ओढणी कमरेला बांधली, पान्याला लांब पाइप लावला आणि त्या पाइपवर चक्क उभी राहिले. तिसऱ्या हिसक्याला नट कुरकुरला.

"सगळो काढू नको," बाबा म्हणाले. "तीन आटे रवांदे. नायतर हब सुटान तुझ्या पोटात बसतलो."

हब ओढायला बाबांकडे पंखे काढायचा पुलर होता. जाड लोखंडी पट्टी, मधोमध मोठा बोल्ट. पण त्याला भोकं तीन आणि गाडीला बोल्ट चार. मी एका लग्नपत्रिकेच्या मागे कंपासने वर्तुळ काढून चार खुणा केल्या, आणि बंदराजवळच्या लेथवाल्याने त्यावरून नवी प्लेट पाडून दिली. तिथे फिजिक्स लागलं नाही, सातवीची भूमिती पुरली. प्लेट बसली, मधला बोल्ट आवळला, हब ढिम्म. मी घण उचलला.

"ठेव तो खाली," बाबा म्हणाले. "घाय करून तो येणा नाय. तेका ताण दी आनि सोडून दी. मधी मधी वायच शेक दी. तेका लाज वाटली की आपणच येतलो."

ती त्यांची बंदरावरची रीत. तासाने बोल्टाला पाव फेरा, गॅसच्या बत्तीने थोडी ऊब, आणि परत वाट बघायची. शनिवारची संध्याकाळ तशीच गेली. रविवारी सकाळी आम्ही पडवीत घावणे खात बसलो होतो, गाडीजवळ कुणीही नव्हतं, आणि खळ्यात फटाक्यासारखा आवाज झाला. कोंबडी पंख झाडत माडावर जायच्या बेतात होती. आई विहिरीवरून ओरडली, "कोन मेलो?"

हब मेला नव्हता, सुटला होता. नटाच्या तीन आट्यांवर शहाण्यासारखा अडकून बसला होता. बाबा हसले. झटक्यानंतर हसताना त्यांचं तोंड एका बाजूला जातं, म्हणून ते हसायचं टाळत. त्या दिवशी टाळलं नाही.

जुन्या बेरिंगवरचा नंबर घासून वाचला, काकांनी नवं बेरिंग आणि ऑइल सील मुंबईहून मागवलं, आणि पुढच्या शनिवारी आम्ही हब परत चढवायला बसलो. आता मी केलेली चूक.

आमच्याकडे खारं वारं. दाराच्या कडीला, विळीच्या पात्याला, सायकलच्या नटाला तेलाचं बोट लावल्याशिवाय वस्तू टिकत नाही. कुणी शिकवत नाही, हात आपोआप तेलाकडे जातो. बोटीचा पंखा बसवतानाही बाबा शाफ्टला ग्रीस चोपडतात, म्हणजे पुढच्या वेळी तो सुखाने निघतो. त्यांनी डाव्या हाताने ग्रीसचा डबा माझ्याकडे सरकवला. "चांगला भरपूर लाव."

पुस्तकात मी अर्ध्या तासापूर्वीच वाचलं होतं. शाफ्टचा निमुळता भाग आणि हबचा आतला भाग, दोन्ही स्वच्छ आणि कोरडे हवेत. तेल नको, ग्रीस नको. मी सांगायला तोंड उघडलं. बाबांचा चेहरा समोर होता. त्या चेहऱ्यावर वर्षभराने मेस्त्री दिसत होता. मी तोंड मिटलं आणि ग्रीस लावलं. मनाशी म्हटलं, एवढ्याशा ग्रीसने काय होतंय.

नट आवळताना बाबांनी आपला डावा हात माझ्या मनगटावर ठेवला होता. माझ्या मनगटातून ते नटाला विचारत होते. "अजून. अजून वायच. बस." काका गाडी घेऊन गेले तेव्हा घरघर अजिबात नव्हती. बाबांनी त्या संध्याकाळी दाढी केली आणि काठी घेऊन एकटे बंदरावर गेले. कुणाला काही सांगायला नाही, नुसते फिरायला. सोमवारी पहाटेच्या एसटीत मी खिडकीशी बसून स्वतःवर फार खूश होते.

पुढच्या शनिवारी आले तर गाडी परत खळ्यात. आईने सुकटीबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. काका तिथेच उभे होते. दोन दिवसांपासून गाडी उचलताना मागून 'टक' असा आवाज येत होता. दर वेळी क्लच सोडला की टक. ते चांगल्या मनाचे गृहस्थ, म्हणाले, "काही घाई नाही हो. मेस्त्रींना म्हणावं, आराम करा."

बाबा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी पडणारा माणूस नव्हे.

"नट ढिलो रवलो," ते भिंतीलाच म्हणाले. "माका कळाक नाय. हात मेलो तो मेलोच. काकांक सांग, गाडी घेवन जावा."

मी बाहेर गेले, कपडे न बदलता गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि नटाची आडवी पिन काढून त्याला पाना लावला. नट घट्ट होता. पाइपवर उभी राहिले तेव्हा हलला. बाबांनी सांगितला होता तेवढाच घट्ट. हब मात्र पुलर लावताच लोण्यासारखा हातात आला. आत ग्रीस चकाकत होतं आणि चावीच्या दोन्ही कडा कुरतडल्या गेल्या होत्या. शाफ्टची खाच मी नखाने तपासली. वाचली होती, देवाची कृपा. मी ती चावी तळहातावर घेऊन आत गेले. बाबांच्या हाताने काही चुकलेलं नव्हतं, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

"बाबा, नट घट्टच होतो. चुकी ग्रीसाची. पुस्तकात लिवलेला आसा, हब कोरडो बसवचो."

"खंयच्या पानार?"

"बेरिंगाच्याच पानार."

"ता पान तू केवा वाचलंस?"

"त्याच दिवशी. ग्रीस लावच्या आदी."

बाबांनी कूस बदलली. "मगे बोलूक नाय कित्याक?"

"तुमका वायट वाटात म्हणान."

ते उठून बसले. एका हातावर जोर देऊन उठायला त्यांना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही.

"तुका हय बापूस दिसता काय दुखणायत दिसता? माजा तोंड बघून गप रवतस? तुझी आवस गप, तू गप, बोटवाले गप. मी काय मेलंय? माका इंग्रजी वाचूक येणा नाय, मी न वाचता चुकलंय. तू वाचून चुकलंस. मगे शिकान काय केलंस?"

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी राग आला. "मी बोललंय आसतंय तर तुमी ऐकतास? म्हटला आसतास, तीस वर्सा पंखे चडवतंय, तू माका शिकवतस?"

"म्हटला आसतंय," बाबा म्हणाले. "नक्कीच म्हटला आसतंय. मगे तू भांडाक होया होतंस."

आई डाव हातात घेऊन दारात आली. "काय चल्लाहा हय?" तिने बाबांकडे पाहिलं. ते खाटेवर ताठ बसून ओरडत होते, मान लाल झाली होती. ती परत गेली आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात वाजू लागली.

बाबांनी हात पुढे केला. मी चावी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. ती उजेडात धरून त्यांनी बराच वेळ फिरवली.

"पंख्याक ग्रीस चलता," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "मगे हेका कित्याक चलना नाय?"

मी सांगितलं. की जोर चावीने घ्यायचा नसतो, दोन कोरड्या पृष्ठभागांच्या पकडीने घ्यायचा असतो. चावी नुसती जागा दाखवायला. ग्रीस लावलं की पकड सुटते आणि सगळा भार बिचाऱ्या चावीवर येतो. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंखो पान्यात फिरता. पानी सरता. रस्तो सरणा नाय."

तीन वर्षं कॉलेजात घर्षण शिकले. इतक्या कमी शब्दांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती गाडी कुणकेश्वरापर्यंत जाऊन येते आणि टक होत नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं.

नवी चावी बाबांच्या पत्र्याच्या डब्यातल्या पोलादी पट्टीतून मी कानशीने घासून काढली. बाबा डाव्या अंगठ्याने तिची कड चाचपायचे आणि परत द्यायचे. तीन वेळा परत दिली. "खाचेत खुळखुळता. वाचूक शिकलंस, घासूक शिक." शाफ्ट आणि हब पेट्रोलने पुसले, मग आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने इतके कोरडे केले की बोट फिरवलं तर कचकच वाजत होतं. नट किती घट्ट हवा त्याचा आकडा पुस्तकात होता, पण तो मोजायचा खास पाना आमच्याकडे कुठला. मी आईचा मासे तोलायचा टांगता काटा मागितला.

"सकाळी सुरमय तोलूची आसा तेच्यार," आई म्हणाली. "ग्रीसाचो हात लागलो तर दोघांकय उपाशी ठेवीन."

"मासो तोलतस काय नट?" बाबा म्हणाले.

"नटच. दोन फुटांच्या पाइपाक टोकाक काटो लावन वडूचो. पंचवीस किलो आले की झाला."

"माझा मनगट होता तेवा काटो लागणा नाय होतो."

"आता लागता," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं. वर्षभरात त्या हाताबद्दल त्यांच्यासमोर कुणी बोललं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि म्हणाले, "मगे वड. सरळ वड, वाकडो नको."

काट्याने पंचवीस दाखवले. मी काटा सोडला, पिन घालायला वाकले, तर शाफ्टचं भोक आणि नटाची खाच जुळेना. ह्या दोन्हींतून आरपार एक दुपायी पिन जाते, म्हणजे नट परत सुटत नाही. थोडासा फरक होता. मी पाना लावून नट किंचित मागे घ्यायला लागले.

"मागे घेव नको."

"बाबा, आकडो पुरो झालो. वायच मागे घेतलो की जुळतला."

"आकडो ऱ्हवांदे थंय. पीन जुळणा नाय तर फुडे आवळूचो. मागे कदी नाय. मागे घेतलेलो नट आपणच मागे येता."

"पुस्तकात पंचवीसच..."

"फुडे वाच मगे. काय लिवलाहा ता."

हात पुसून मी पुस्तक घेतलं. आकड्याच्या खालची ओळ मी वाचलीच नव्हती. तीत तेच होतं. भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळा, ढिला करू नका. मी ते मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगितला. बाबा जिंकल्यासारखं काही बोलले नाहीत, फक्त पाइपकडे बोट केलं. मी पुन्हा ओढला. भोक उघडलं.

पिन डब्याच्या झाकणात पडली होती. मी हात घालणार, तोच बाबांनी ती उचलली. उजव्या हाताने.

तो हात पिन धरतो, पण ती धरली आहे हे त्याला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी धरावी लागते. बाबा गाडीच्या बाजूला जमिनीवर बसले, जवळ सरकले आणि हात भोकापर्यंत नेला. पिन हुकली. दुसऱ्यांदा टोक भोकाला लागलं आणि घसरलं. तिसऱ्यांदा पिन मातीत पडली. मी वाकले.

"बस थंय," बाबा म्हणाले.

मी बसले. हात मांडीखाली घेतले. आई काटा न्यायला आली होती, तीही तशीच उभी राहिली. बाबांनी पिन शोधली, पायजम्याला पुसली, पुन्हा बोटांत पकडली आणि डोळे बारीक करून पुन्हा नेली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. पिन आत गेली. पलीकडून तिची दोन टोकं दिसली. बाबांनी डाव्या हातात पक्कड घेऊन ती दोन्ही टोकं वाकवली, एक इकडे, एक तिकडे.

"चाक हाड," ते म्हणाले.

मी चाक उचलून आणलं.

"उलटा धरलंस."

"सुलटाच आसा."

"बघ नीट."

मी नीट पाहिलं. चाक सुलटंच होतं, आणि मी त्यांना तसं सांगितलं.